दुपारी तीनचा रिलिव्हर

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. माझा स्वभाव थट्टेचा आहे. मला ताप आलाय म्हटलं तर घरचे आधी थर्मामीटर बघतात. पण हे घडलं तेव्हा मी तिथे होतो.

आणि ते माझ्यामुळे घडलं.

तारीख २२ सप्टेंबर २०२४, रविवार. नाशिक, पाथर्डी फाटा, चौथा मजला. वेळ दुपारी तीनची. बाहेर लख्ख ऊन. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी शिफ्ट ड्युटी केलेली नाही.

फ्लॅट माझ्या योगिनीताईचा आणि महेश दाजींचा. दाजींना घराला 'इंडस्ट्रियल लूक' द्यायचा होता. म्हणजे दिवसभर ऑफिसात राबून माणूस घरी आला की त्याला कारखान्यात आल्यासारखं वाटलं पाहिजे. छताचं पीओपी काढून पाईप उघडे केले. विटा दिसाव्यात म्हणून भिंतीचं प्लास्टर फोडलं, तर आत निघाले सिमेंटचे ब्लॉक. मग त्यांवर विटांसारख्या टाइल्स चिकटवल्या.

दाजींचे वडील, धोंडीराम आबा, सटाण्याहून घर बघायला आले. बराच वेळ छताकडे बघत उभे राहिले.

"बिल्डर पळी गया का?" त्यांनी विचारलं.

राहिलं होतं फक्त डायनिंग टेबल.

ते मिळालं अंबडला, लियाकतभाईंच्या भंगारात. भाई पूर्वी एका कंपनीत फिटर होते. ती कंपनी बंद पडली आणि तिचंच सामान त्यांच्याकडे आलं. दाजींनी पॉवर प्रेसचं बिडाचं स्टँड निवडलं. पत्रा ठोकून झाकणं पाडणारं मशीन असतं, त्याचं. वर काच टाकली की झालं टेबल. शेजारी एक लोखंडी स्टूल होतं. बैठक झिजून खोलगट झालेली.

"टेबल घेऊन जा," लियाकतभाई म्हणाले. "स्टूल राहू द्या."

"का? सेट आहे तो."

"साहेब, कंपनीत एक कायदा असतो. तीन वाजता शिफ्ट सुटते, पण रिलिव्हर आल्याशिवाय ऑपरेटर मशीन सोडत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, खांद्यावर हात ठेवतो, बोलतो, मी आलो, सुट तू. मग हा उठतो. या स्टुलावर सोमनाथ बसायचा. पहिली पाळी. एक दिवस दुपारी मालकाने गेटच बंद केलं. सगळे घरी गेले. सोमनाथ बोलला, माझा रिलिव्हर नाही आला."

"मग?"

"मग काय. स्टूल घेऊ नका."

दाजींनी स्टूल घेतलं. ते म्हणाले, वस्तूला गोष्ट असली की लूक येतो.

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही.

मग ताईला ऑइलचा वास यायला लागला...

मग टेबलाच्या काचेवर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी थरथरायला लागलं... दिवसभर, बारीक. तीन वाजले की थांबायचं. पाच मिनिटं सगळं गप्प. जणू कोणी दाराकडे बघतंय.

मग पुन्हा सुरू.

त्या रविवारी आम्ही जेवून बसलो होतो. पावणेतीनला मी सहज स्टुलावर हात ठेवला.

बैठक गरम होती.

सकाळपासून त्यावर कोणी बसलं नव्हतं.

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? मी विनोद केला.

"दाजी, बिचारा किती दिवस थांबलाय. सोडवा की त्याला."

"राज, गप बस," ताई म्हणाली.

पण दाजी हसत होते. तीन वाजले. ग्लासातलं पाणी थरथरायचं थांबलं. दाजींनी स्टुलाच्या वर, रिकाम्या हवेत हात ठेवला. साधारण खांदा असतो तिथे.

"मी आलो. सुट तू."

आणि बसले.

चपला फरफटल्याचा आवाज आला... टेबलापासून दारापर्यंत. हळूहळू. खूप दमलेल्या माणसाच्या.

लॅच उघडलं.

बाहेर लिफ्ट आली... आणि खाली गेली.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

"चला, चहा घेऊ," ताई म्हणाली.

दाजी उठले नाहीत. त्यांचा उजवा हात काचेवर काहीतरी ठेवत होता, दाबत होता, उचलत होता. ठेवत होता, दाबत होता, उचलत होता. डोळे हातावर.

"अहो, पुरे आता."

"मशीन चालू आहे," दाजी म्हणाले.

आम्ही त्यांना उचलून पलंगावर झोपवलं. हात चालूच. तासाभरात अंग गार पडलं, ओठ निळे झाले. परत स्टुलावर बसवलं तेव्हा ऊब आली. डॉक्टर म्हणाले, कामाचा ताण. गोळ्या दिल्या. दाजी झोपले, हात जागा राहिला. रोज तीन वाजता तो थांबायचा, आणि दाजी दाराकडे बघून विचारायचे, "रिलिव्हर आला का?"

मी लियाकतभाईंकडे गेलो. ते चहा पीत होते. मला बघूनच त्यांनी कप खाली ठेवला.

"सोडवता येतं," ते म्हणाले. "पण जो सोडवेल तो बसेल."

"तुम्ही फिटर होता ना?"

"म्हणून तर मी स्टुलावर बसत नाही, भाऊ."

सहाव्या दिवशी आबा आले. कांद्याची गोणी दारात ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ताईने माझ्याकडे पुन्हा पुन्हा बघितलं होतं त्या सहा दिवसांत. मी मोबाइलमध्ये बघत होतो.

तीन वाजले.

आबांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी उनू. जाय तू."

दाजी उठले आणि तिथेच जमिनीवर पडून दोन दिवस झोपले. आबा बसले. त्यांनी आयुष्यात कारखाना आतून पाहिलेला नव्हता. पण हात बरोबर चालत होता.

जाग आल्यावर दाजी वडिलांना सोडवायला धावले. आबांनी डाव्या हाताने त्यांना ढकललं. ताईलाही जवळ येऊ दिलं नाही. दाजी आठवडाभर रोज धावले. मग एक दिवसाआड. आता ताई आणि दाजी आडगाव नाक्याला भाड्याने राहतात. तिकडे सगळ्या भिंतींना प्लास्टर आहे.

डबा मी नेतो. तेवढंच मी करतो. दारातूनच वायपरने आत ढकलतो, टेबलाच्या पायापर्यंत. आबा डाव्या हाताने जेवतात. सुरुवातीला म्हणायचे, "राज, योगिनीले मिरची कमी टाक म्हणा." नंतर नाव घेणं बंद झालं. नंतर मिरचीचंही.

काल ट्रॅफिकमुळे उशीर झाला. दार उघडलं तेव्हा नेमके तीन वाजले होते.

हात थांबलेला होता.

आबांनी माझ्याकडे पाहिलं... आणि स्टुलावरून अर्धे उठले. इतका आनंद मी कोणाच्याही चेहऱ्यावर कधी पाहिलेला नाही.

"रिलिव्हर उना का?"

मला एकही विनोद सुचला नाही.

"नाही, आबा. डबा आणलाय."

ते पुन्हा खाली बसले. हात पुन्हा चालू झाला. मी दार ओढून घेतलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत काचेवरचा तो आवाज येत होता.