सदतीस जणांची एक चूक

सदतीस जणांच्या हातून नेमकी एकच चूक कशी होईल? हे कोडं मला पडलं नव्हतं. मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कोडी पडत नाहीत. ते पडलं माझ्या आजोबांना.

२०४१च्या ऑगस्टात मी, राही, धाराशिवच्या आमच्या शाळेच्या खो-खो संघाची कॅप्टन झाले. आठवड्याभरात माझ्या मनगटपट्टीवर (हाताला बांधायचा फोन) संदेश येऊ लागले. आधी तीन नावांनी, मग दहा, मग सदतीस. ओळखीचं एकही नाही. ‘तुझामुळे संघ हरणार .’ ‘तू कुणालाच आवडत नाहि .’ आणि शुक्रवारी दुपारी, ‘उद्या मैदानात आलीस तर तुझाकडे बघतोच .’

पट्टी थरथरली की मी ती बाहीखाली दडवायचे. वर्गात कुणी हसलं की वाटायचं, हाही त्यातलाच. सगळी शाळाच माझ्यावर उठली होती. मी घरी येऊन बूट माळ्यावर फेकले. उद्याच्या सामन्याला जायचं नाही, असं ठरवून एकेक संदेश पुसू लागले.

“काय पुसायलीस गं?” आजोबा मागे कधी आले, कळलंच नाही. त्यांची सगळी नोकरी लोकांची हस्ताक्षरं तपासण्यात झाली. आता घरी ‘चाळणी’ नावाचं, लिखाण तपासणारं, स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन बसतात.

मी रडत सगळं सांगितलं. ते रागावतील, पट्टी काढून घेतील, असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, “आता एकही पुसू नको. उत्तर पण देऊ नको. हा पुरावा आहे.”

उरलेले संदेश त्यांनी चाळणीत टाकले. पडद्यावर सगळ्या नावांखाली त्याच तीन गोष्टी लाल झाल्या. ‘तुझ्या’ऐवजी ‘तुझा’. ‘नाही’ऐवजी ‘नाहि’. पूर्णविरामाआधी मोकळी जागा.

“याला शैलीमापन म्हणतात (लिहिण्याच्या सवयी मोजून लेखक ओळखण्याचं शास्त्र). समज, यातली प्रत्येक सवय दहात एकाला असते. मग पहिल्या दोन्ही किती जणांना असतील?”

“शंभरात एकाला.”

“आणि तिन्ही?”

“हजारात एकाला,” मी म्हणाले. “पण आजोबा, आमच्या शाळेत तर सहाशेच मुलं आहेत.”

“म्हणून तर. सदतीस जणांना तिन्ही सवयी एकदम लागत नसतात. लिहिणारा बहुतेक एकच, आणि बाकीचं बॉटचं काम (माणसाचं सोंग घेऊन संदेश पाठवणारा संगणक-कार्यक्रम). तुमच्या खेळात आठ बसतात आणि पाठलागाला पळतात कितीजण?”

“एक.”

म्हणजे सगळी शाळा माझ्यावर उठलेली नव्हती. तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली. वाढदिवसाला गार्गीनं दिलेलं कार्ड तिथं लावलेलं होतं. गार्गी आमची उपकॅप्टन, मैदानात माझ्या शेजारी बसणारी. कार्डावर लिहिलं होतं, ‘चषक तुझाकडेच राहो .’

मी ते काढून आजोबांपुढे धरलं. अनोळखी सदतीस जणांपेक्षा ही ओळखीची एक फार भयंकर वाटली.

आजोबांनीही कार्ड वाचलं. “तिचं नाव कुठं बोलू नको. हा अंदाज आहे, पक्कं नाही. चुकीच्या पोरीवर आळ आला तर तिच्यावरही अशीच रडायची पाळी येईल. कोण ते शाळा आणि सायबर पोलीस बघतील.”

“पण उद्या तिच्याच शेजारी बसायचंय. मला भीती वाटते.”

“वाटणारच. पण इतके दिवस एकटीच का पळायलीस? खो दे की कुणाला तरी.” असं म्हणून ते माझ्याकडे पाठ करून जमिनीवर उकिडवे बसले. सत्तरीचे आजोबा, गुडघे कटकट वाजत होते. मला रडता रडता हसू आलं.

मी त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाले, “खो.”

आजोबा उठले आणि त्यांनी शाळेत फोन लावला. खो-खोच्या सरांशी बोलून झाल्यावर म्हणाले, “सर उद्या मैदानात तुझ्याजवळच थांबणारेत, आणि मी पण येतोय.”

मी स्टुलावर चढून माळ्यावरचे बूट काढले. बुटांना नव्या नाड्या मीच ओवल्या.