एआरएम बोर्डाची बदनामी

बोर्ड रखडला तेव्हा गिऱ्हाइकाची माणसं समोरच उभी होती.

महाळुंग्यातली ती कंपनी कॅमेऱ्याने सुटे भाग तपासणारी यंत्रं बनवायची. त्यांत वर्षानुवर्षं एक्स८६ जातीचा प्रोसेसर बसत आला होता. तिथल्या नव्या इंजिनिअरने, ओजसने, एआरएम जातीच्या प्रोसेसरचा बोर्ड सुचवला. त्याच्या चाचण्यांत तो तेवढ्याच वेगाने, निम्म्या विजेत काम करत होता. डेमोत मात्र तो रखडला, तापला आणि त्याच कामाला वीजही जास्त खाऊन बसला.

"आकडे बनवलेस तू," विभागप्रमुख सुरेंद्र सगळ्यांदेखत म्हणाला. आजच राजीनामा दे, असं सांगून तो पाहुण्यांना जेवायला घेऊन गेला.

चाचणी विभागाच्या विजयश्रीच्या मस्तकात तिडीक गेली. ओजसची प्रत्येक चाचणी तिने डोळ्यांनी पाहिली होती.

तिने वीज मोजायचा मीटर बदलला. आकडा तोच. वीजपुरवठा बदलला. तरी तोच. म्हणजे घोळ बोर्डाच्या आत होता.

काल बोर्डाला कोणी हात लावला, असं तिने ओजसला विचारलं. तो दिवसभर गिऱ्हाइकाकडे कॅमेरे बसवत होता. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निरंजन सरांनी टाकली, एवढंच त्याला माहीत होतं.

जुन्या यंत्रांचा प्रोग्रॅम निरंजननेच लिहिलेला. तो शांतपणे चहा पीत होता.

"नवी आवृत्ती तुम्ही टाकलीत?"

"हो. जुन्या आणि नव्या, दोन्ही यंत्रांवर एकच फाइल. तुलना सरळ व्हायला नको?"

"आणखी काही टाकलं, काढलं?"

"काहीच नाही. फाइल टाकली, चालली, वाकडला घरी गेलो."

विजयश्री पुन्हा बोर्डापाशी बसली आणि तिने त्यातल्या कालच्या नोंदी चाळल्या. सुरेंद्र परतताच तिने त्याला आणि निरंजनला बोलावून घेतलं.

"सर, एकच फाइल दोन्हींवर चालूच शकत नाही. दोन्ही प्रोसेसरच्या आज्ञांची भाषा वेगळी आहे. एक्स८६साठी बांधलेला प्रोग्रॅम एआरएमवर सुरूच व्हायला नको होता."

"पण झाला ना?"

"कारण मध्ये दुभाष्या बसवला होता. भाषांतर करणारा प्रोग्रॅम. बोर्ड आधी प्रत्येक आज्ञेचं भाषांतर करत होता, मग काम. तापणार नाही तर काय होईल? हा दुभाष्या बोर्डात आधी नव्हता. काल निरंजनच्या लॉगिनने बसला."

"सोयीसाठी बसवला," निरंजन म्हणाला. "सांगायचं राहिलं."

"आणि ओजसने एआरएमसाठी बांधलेला प्रोग्रॅम पुसलात, तेही राहिलं? त्याच लॉगिनने पुसलाय."

निरंजनचा चेहरा लाल झाला. "उभी हयात घातली मी त्या प्रोग्रॅममध्ये. आता हा कालचा पोरगा मला शिकवणार?"

"म्हणून त्याला खोटारडा ठरवलंत?" विजयश्री कडाडली.

सुरेंद्रने दार लोटून घेतलं. हे आपल्यात मिटवू, गिऱ्हाइकाला तांत्रिक बिघाड सांगू, असं तो समजावू लागला. विजयश्रीने ते दार सताड उघडलं आणि ओजसला त्याच्याकडच्या प्रतीवरून त्याचा प्रोग्रॅम पुन्हा चढवायला सांगितलं. त्याने चढवला.

पाहुण्यांसमोर बोर्ड दुसऱ्यांदा चालला. वेग जुन्याइतकाच, वीज निम्मी.

"सकाळी आमच्याकडून चूक झाली," सुरेंद्र पाहुण्यांना म्हणाला.

"कोणाकडून, सर?" विजयश्रीने विचारलं.

मग सुरेंद्रला नाव घ्यावं लागलं. आधी निरंजनचं, आणि ओजसकडे न बघता, स्वतःचंही.