पिंगीच्या पेशींना दार नव्हतं

जेवण सगळ्यांचं एकच होतं, मग आजारी एकटी पिंगीच का पडली?

चारुताला हे कोडं सुटत नव्हतं. परवा आजोबांची तिथी होती. आईने स्वयंपाक करून कावळ्याचं, गाईचं आणि कुत्र्याचं पान वेगळं काढलं. पिंगी तर आजोबांचीच कुत्री. म्हणून चारुताने तिच्या पानावर चिंच-गुळाचं पंचामृत अंमळ जास्तच वाढलं आणि वर मूठभर बेदाणे ठेवले. पिंगीने पान चाटूनपुसून साफ केलं. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. कालपासून तर तिने लघवीही केली नव्हती.

काल सकाळपासून शुश्रू मुक्कामाला होता. शुश्रू म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातला यंत्रमानव, उंचीने चारुताएवढा. पिंगीच्या पायाला सलाइन लावून तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला होता.

"कावळ्याने तेच खाल्लं," चारुता म्हणाली. "आईनेही खाल्लं. मी तर पंचामृत तीनदा घेतलं, बेदाणेही खाल्ले!"

"दिसतंय. परवाचा गूळ अजून हनुवटीला आहे."

चारुता हसली नाही. "शुश्रू, माझ्यामुळे झालं का रे हे?"

"बेदाण्यांमुळे आणि चिंचेमुळे झालं. आत जाऊन बघतेस?"

त्याने तळहात उघडला. त्यातून निळसर धुकं निघालं आणि हळूहळू खोलीभर पसरलं. खुर्च्या विरल्या, भिंती विरल्या. चारुताच्या पायांभोवती हजारो बारीक ओढे आवाज न करता वाहू लागले.

"ही पिंगीची मूत्रपिंडं (रक्त गाळून नको ते लघवीवाटे बाहेर टाकणारे अवयव). आत्ता आहेत तशीच, फक्त खूप मोठी करून दाखवलीत."

ओढ्यांच्या काठाने इवल्या घरांची रांग होती. त्या पेशी होत्या. बऱ्याच घरांतले दिवे मंद झाले होते. मागच्या दाराने जांभळे ठिपके तरंगत आत शिरत होते.

"ते टार्टारिक आम्ल (द्राक्षांत आणि चिंचेत असणारा आंबट पदार्थ). शास्त्रज्ञांचा दाट संशय त्याच्यावरच आहे. आता तुझा ओढा बघ."

शेजारी दुसरा ओढा उमटला. इथेही ठिपके मागून आत शिरत होते, पण लगेच पुढच्या दाराने ओढ्यात उतरून वाहून जात होते.

"पुढचं दार म्हणजे एक वाहक प्रथिन (पेशीतून ठरावीक पदार्थांची ने-आण करणारा मोठा रेणू). कुत्र्याच्या मूत्रपिंडात हे दार नसतं. आम्ल आत साठत जातं आणि पेशी आजारी पडतात."

चारुताने एका घरातले ठिपके ओंजळीने उपसायला हात घातला. धुकं बोटांतून निसटलं.

"मग तू काय करतोयस?"

"पाणी वाढवतोय. पेशी सावरल्या, तर लघवी होईल. नाही सावरल्या तर..." शुश्रूने दाराशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं.

"सांग तिला," आई म्हणाली.

"तर पिंगी वाचणार नाही."

आई येऊन चारुताजवळ बसली. "पान मीच काढलं होतं, चारू. आजोबासुद्धा तिला एखादं द्राक्ष द्यायचे. आपल्याला कुणालाच ठाऊक नव्हतं गं."

"एखादंही नको, ताई," शुश्रू म्हणाला. "कुठल्या कुत्र्याला किती बाधेल ते आधी सांगता येत नाही."

"आणि आंबा?" चारुताने विचारलं.

"थोडा गर चालेल, कोय नको. सफरचंद बिया काढून. द्राक्षं, बेदाणे, चिंच मात्र कधीच नाही."

चारुताने आपल्या ओढ्यातल्या पुढच्या दाराकडे बोट दाखवलं. "कुत्र्यांसाठी तसं दार बनवता येईल?"

"अजून कुणी बनवलेलं नाही. मला जे शिकवलंय तेवढंच मला येतं. न शिकवलेलं माणसांनाच सुचतं. तुला सुचलं, तर मला सांग."

तेवढ्यात धुक्यात एक दिवा किंचित उजळला. मग त्याच्या शेजारचा. मग काठाकाठाने, संथपणे, आणखी कितीतरी.

पिंगी धडपडत उठली. सलाइनची नळी ओढत दोन पावलं चालली, फरशीवर वाकली आणि तिने लघवी केली. खूप वेळ.

"मूत्रपिंडं जागी झाली!" शुश्रू म्हणाला.

चारुताने डोळे पुसले. "आई, फडकं आणते."

"राहू दे गं," आई फरशीकडे बघत म्हणाली. "जरा वेळ राहू दे."