चंद्रावर स्वप्न कसं ओळखायचं?

डोक्यावर शिरस्त्राण न घालताच जुई दाबखोलीत (वस्तीतून बाहेर पडण्याआधीच्या दोन दारांच्या खोलीत) उभी होती. आतलं दार बंद झालं होतं. बाहेरच्या दारापलीकडे हवेचा कणही नव्हता. तरी ती अगदी शांतपणे त्या दाराच्या लाल मुठीकडे हात नेत होती.

"जुई, थांब!" पहाऱ्यावरची यंत्रमानव टिटवी ओरडली आणि तिने दोन्ही पोलादी हातांनी मूठ घट्ट धरून ठेवली.

"घाबरू नकोस गं," जुई हसून म्हणाली. "हे स्वप्न आहे. मी आत्ताच तपासून पाहिलंय."

भर दुपारी, चांगल्या जाग्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला असं का वाटावं?

टिटवीचा इशारा मिळताच जुईचे मामा, डॉ. शशांक पटवर्धन, धावत आले. चांदोली नावाच्या या चांद्रवस्तीत ते निद्राशास्त्रज्ञ (झोपेचा अभ्यास करणारे) होते. त्यांनी आतलं दार उघडलं आणि भाचीला हाताला धरून परत वस्तीत आणलं.

"स्वप्न आहे हे कसं तपासलंस?"

"उडी मारून. पृथ्वीवरच्या एका कार्यक्रमात सांगितलं होतं. उडी मारायची. तरंगत खाली आलो, तर समजायचं की स्वप्न आहे. मी तरंगतच आले!"

"अगं, चंद्रावर सगळेच तरंगत खाली येतात. इथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे. ती परीक्षा पृथ्वीवरच्या मुलांसाठी होती."

जुईने वळून त्या दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि मामांना बिलगून ती रडू लागली.

रडता रडता सगळं बाहेर आलं. तिला वारंवार एकच भयंकर स्वप्न पडायचं. वस्तीच्या काचेच्या घुमटाला तडा जायचा, हवा निसटायची आणि तिचे पाय जागचे हलायचे नाहीत. स्वप्नातच 'हे स्वप्न आहे' असं कळलं, तर ते बदलता येतं, असं तिने ऐकलं होतं. म्हणून ती गजर लावून झोप मोडायची आणि सराव करायची. आईबाबांना तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"ऐकलंस ते खरं आहे," मामा म्हणाले. "त्याला सजग स्वप्न म्हणतात. आपल्याला बहुतेक ठसठशीत स्वप्नं रेम झोपेत (बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या झोपेत) पडतात. तेव्हा मेंदू स्नायूंना निरोप पाठवणं जवळजवळ थांबवतो. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरून खाली पडला असता."

"म्हणून माझे पाय हलत नाहीत?"

"तेही कारण असू शकेल. आणि 'असं कसं होईल?' अशी शंका घेणारा मेंदूचा पुढचा भाग तेव्हा मंदावलेला असतो. सजग स्वप्नात तो थोडा जागा होतो, असं आम्हाला वाटतं. पण तू झोपच मोडत राहिलीस. अपुऱ्या झोपेने जागेपणीही स्वप्न आणि सत्य यांची गल्लत होते. आज तेच झालं."

"मग मी हे कधीच करायचं नाही?"

"करू या, पण नीट. पोटभर झोप. गजर बंद. आईबाबांना सगळं सांगायचं. आणि ज्याने इजा होऊ शकेल असं काही करून स्वप्न तपासायचं नाही, कितीही खात्री वाटली तरी. त्यापेक्षा एखादी पाटी वाच, नजर फिरव, पुन्हा वाच. स्वप्नातली अक्षरं बहुधा बदलतात. जराही शंका उरली, तर आपण जागे आहोत असंच धरायचं."

मामांनी आणखी एक उपाय दिला. रोज दुपारी, आईजवळ बसून, त्या स्वप्नाचा शेवट आपल्याला हवा तसा रचायचा आणि मनात घोळवायचा.

काही आठवडे गेले. जुईचे डोळे पुन्हा टवटवीत दिसू लागले. मग एका सकाळी ती मामांच्या प्रयोगशाळेत झोपलेली असताना तिच्या डोळ्यांची हालचाल दाखवणाऱ्या पडद्यावरच्या रेषा हलल्या. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. रेम झोपेत डोळ्यांचे स्नायू मोकळे असतात, म्हणून 'हे स्वप्न आहे, मला कळलंय' असं सांगायला दोघांनी नजरेची ही खूण आधीच ठरवली होती. शेजारी बसलेल्या आईने मामांचा हात घट्ट धरला.

थोड्या वेळाने जुई उठून बसली. "तडा गेला होता! पण पाटीवर आधी 'घुमट' होतं, मग 'घुबड' झालं. मला हसूच आलं. मी तड्यावर हात फिरवला, तर काच मऊ लागली. कणकेसारखी! मी ती लिंपून टाकली."

"आणि भीती?" आईने विचारलं.

"होती ना. पण माझे पाय चालत होते."

मामांचे डोळे भरून आले. "भयस्वप्नांनी त्रासलेल्या कितीतरी लोकांना असा दिलासा देता येईल का, हेच आम्ही शोधतोय."

जुई विचारात पडली. "मामा, मी आतून खूण केली. तुम्हाला बाहेरून मला काही विचारता येईल?"

"काही प्रयोगांत झोपलेल्या माणसांनी सोप्या गणितांची उत्तरंसुद्धा दिली आहेत."

"शी! मला गणितं नका घालू हं."

"मग काय विचारू?"

"विचारा," जुई म्हणाली, "की तिथून काय काय दिसतंय."