खवल्यांसकट एक रावस

“मावशी, खवले काढायच्या आधी मासा एकदा दाखवाल?”

रावसाकडे निघालेली आईची सुरी थांबली. मीही मान वर केली. समोर कापडी पिशवी घेतलेला एक मुलगा. शेजारच्या गाळ्यावर बर्फ फोडत होते, त्याचे शिंतोडे त्याच्या चष्म्यावर उडालेले… आणि तो ते पुसतही नव्हता.

“आता काय पलून जानार हाय का रं मासा?” आई म्हणाली.

“पळाला तरी चालेल, पण खवले पाहिजेत. आम्ही ज्यू आहोत मावशी. खवल्यांशिवाय आमच्या घरी चालत नाही.”

“म्हंजे कोलंबी नाय?”

“नाही.”

“खेकडं पन नाय?”

“नाही.”

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं उपाशी लेकराकडे बघावं. “मंग जगतोस कशावर?”

मला हसू आवरलं नाही. त्याने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि रावसाची पिशवी तिथेच विसरून निघाला. मी हाक मारून दिली.

त्याच दिवशी कॉलेजात आमचा स्टुडिओ सुरू झाला. मोबाईल अ‍ॅप बनवायला शिकायचं, पण फळ्यावरून नाही. तिघांची टीम करायची, खऱ्या माणसाची खरी अडचण शोधायची आणि त्यावर अ‍ॅप बांधायचं. दर सोमवारी बोर्डासमोर उभं राहून प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या – काय केलं, काय करणार, कुठे अडलंय. चारुदत्त सरांनी नावांच्या चिठ्ठ्या हेल्मेटमध्ये टाकून टीम पाडल्या. माझ्या टीममध्ये प्रितम आला आणि कुणीतरी इथन पेणकर.

“रावस?” मी विचारलं.

“सुरीवाल्या मावशींची मुलगी?” तो म्हणाला. कान मात्र लाल.

अडचण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. मासळी मंडईची दुरुस्ती निघाली आणि आईची जागा दाराजवळून थेट मागे, बर्फाच्या गाळ्यामागे गेली. जुनी गिऱ्हाइकं येत, शोधत, आणि पुढच्याच बाईकडून घेऊन जात. आई पहाटे गव्हाणहून भरलेली टोपली आणायची आणि दुपारी अर्धी परत न्यायची. घरी आली की नुसती टोपली धूत बसायची, फार वेळ.

म्हणून आमच्या अ‍ॅपचं नाव ‘टोपली’. सकाळी आईने फोनमध्ये बोलायचं, आज काय आलंय. लोकांनी घरून सांगून ठेवायचं, नऊपर्यंत येऊन न्यायचं. सरांची अट एकच – चार आठवड्यांत किमान दहा जणांनी दोनदा तरी वापरलं पाहिजे. तरच पुढचं वर्षभर स्टुडिओ ते चालवेल, नाहीतर प्रकल्प बंद. मला ते मार्कांसाठी नको होतं.

पहिलं भांडण बटणावरून झालं.

“इथे ‘ऑर्डर कन्फर्म’ लिहू,” इथन म्हणाला.

“आई असं बोलते का? ती म्हणते, राखून ठेवलंय.”

“सगळ्या अ‍ॅपमध्ये कन्फर्मच असतं.”

“सगळ्या अ‍ॅपमध्ये माझी आई नसते.”

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर हिरवं बटण होतं – ‘राखून ठेवलंय’. त्याने फक्त एवढंच विचारलं, “हिरवा हाच ना? तुझ्या त्या ओढणीचा?” मी म्हटलं, “कोडमधले बग शोध, ओढण्या नको.” प्रितम टेबलावर डोकं ठेवून म्हणाला, “मी घरी जाऊ का?”

मग चाचणीचे आठवडे. मी सकाळी आईजवळ असायचे, आणि अ‍ॅप नीट चालतंय का ते बघायला इथन यायचा. शनिवार सोडून रोज. आईच्या ओल्या हातांनी स्क्रीन चालेना, तर त्याने फोन पारदर्शक पिशवीत घालून रबर लावलं. रबर धरायला माझं बोट पुढे झालं, ते त्यात अडकलं… आणि सोडवायला त्याने जरा जास्तच वेळ लावला.

गिऱ्हाइकं येऊ लागली. खारघरहून, कामोठ्याहून, कुणी जुनी, कुणी नवी. सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे आर्यन. एक दिवसाआड सहा खेकडे. स्वतः कधी आला नाही. “माझा शेजारी आहे, उशिरा उठतो,” म्हणत इथनच पिशवी न्यायचा, हात लांब धरून, खेकडे चावतील अशा धाकाने. आई आधी पिशवीकडे बघायची, मग त्याच्याकडे.

शेवटच्या शुक्रवारीच – शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा वार, इथन फोनला हात लावत नाही – आम्ही मोजलं. बरोबर दहा. मी खुर्चीतच गिरकी घेतली. आता राहिलं होतं फक्त दहाही जणांना फोन करून तीन प्रश्न विचारणं. नऊ झाले. दहावा आर्यन. मी नंबर लावला.

समोर इथनच्या दप्तरात रिंग वाजली.

मी फोन कापला, थांबले. परत लावला. दप्तर परत वाजलं. प्रितमने दोघांकडे पाहिलं आणि “चहा आणतो” म्हणून निघून गेला.

“बाबांचं जुनं सिम आहे,” इथन हळूच म्हणाला.

“आणि खेकडे?”

“आमच्या बिल्डिंगचे वॉचमन, काशीराम. पहिल्यांदा खूश झाले. आता मला बघितलं की पंपाच्या खोलीत जाऊन बसतात.”

मला हसू येत होतं आणि डोळे भरत होते, दोन्ही एकदम. “मी दहा मोजले, इथन. आईला सांगितलं दहा. तू मला खोटा आकडा दिलास.”

“आकड्यासाठी नव्हतं ते. पहिल्या आठवड्यात अ‍ॅपमध्ये एकही चूक निघाली नाही. मग रोज यायला कारण काय सांगणार होतो?” तो उठून बोर्डासमोर जाऊन उभा राहिला, सोमवारी राहतो तसा. “काय केलं – चूक. काय करणार – सोमवारी सरांना मीच सांगणार. कुठे अडलंय…” तो माझ्याकडे वळला. “कुठे अडलंय, ते तुला दिसतंय.”

मला दिसत होतं. पण मी दप्तर उचललं आणि निघाले.

सोमवारी त्याने शब्द पाळला. सगळ्या वर्गासमोर म्हणाला, “गिऱ्हाइकं नऊ. दहावा मी होतो. किशोरीला ठाऊक नव्हतं.” वर्गात खसखस पिकली. सर हसले नाहीत. “अट दहाची होती,” ते म्हणाले. “टोपली पुढच्या वर्षी स्टुडिओत नसेल.” मग वही उघडत, “नऊ खरे आहेत, हे मात्र मी लिहून ठेवतो.”

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती टोपली धूत होती.

“मला म्हाईत व्हतं,” ती म्हणाली. “जो खवलं बगल्याबिगर मासा घेत नाय, तो खेकडं कुनासाठी नेतो? खेकड्यांसाठी येत नव्हता त्यो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बी बोलत नव्हतीस.” तिने टोपली उपडी केली. रिकामी होती. आज सगळं खपलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. “नऊ मानसं मला शोधत मागं येतात. दहाव्याचं काय घेऊन बसलीस? फोनमधलं ते बंद होनार का, ते सांग.”

“माहीत नाही गं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीतला फोन थरथरला. टोपली चालू होती. वरती बारीक अक्षरांत ओळ होती – ‘आता इथनच्या घरच्या कॉम्प्युटरवरून’. खाली एकच मागणी. नाव, पहिल्यांदाच खरं – इथन पेणकर. एक रावस, खवल्यांसकट. आणि टीप लिहायच्या जागी – ‘सोबत किशोरी, एक चहा, उरण नाक्यावर, साडेनऊ. जमत नसेल तर नुसता रावस.’

“काय लिवलंय त्यानं?” आईने विचारलं.

“रावस पाहिजे.”

“नुसता रावस?”

मी बर्फातला सगळ्यात चकचकीत रावस शोधला, खवल्यांना हात न लावता बाजूला ठेवला. मग ओढणीला बोट पुसलं आणि हिरवं बटण दाबलं.

राखून ठेवलंय.