चंदेरी शिपाई आणि मगरीचा पाव

जकार्ताच्या जुन्या नगरभवनापुढं रोहायानं ओली छत्री पुतळ्याच्या हाताला अडकवली आणि चपलेचा पट्टा लावायला वाकली.

"पाणी माझ्या बुटात जातंय," पुतळा म्हणाला.

पोरीच्या तोंडचं पाणीच पळालं. "पुतळ्यांनी बोलू नये…"

"माणसांनी विचारून तरी टांगावं."

हा जैलानी. अंगाला चंदेरी रंग फासून, डच शिपाई बनून चौकात उभा राहायचा. डब्यात नाणं पडलं की सलाम. तोवर पापणीही हलवायची नाही. हलला की जागा गेली, दुसरे टपलेलेच असत. रोहाया आत, नगरभवनाच्या म्युझियममध्ये लोकांना फिरवी. वर न्यायाधीश बसत, खाली कैदी पाण्यात कुजत, चौकातली फाशी साहेब लोक या खिडक्यांतून बघत – सगळं तोंडपाठ. येता-जाता ती नाणं टाकी, तो ओठ न हलवता टोमणा मारी. त्याचा खरा चेहरा तिनं पाहिलाही नव्हता. तरी जीव जडला. जडतो मेला, सांगून थोडाच जडतो.

एका शनिवारी ती नाणं न टाकताच पुढ्यात उभी राहिली. "उद्या मला बघायला येतायत. मी होच म्हणणार… काहीतरी बोल ना."

भोवती पोराटोरांची गर्दी. पुतळा गप्प.

"राहा मग दगड होऊन," म्हणत ती आत गेली.

वर न्यायाच्या दालनात आई तिला लवकर घरी न्यायला येऊन बसली होती. रोहाया लोकांना फाशीचं सांगत होती, तोच चौकात कल्ला उठला. तिनं खिडकीतून पाहिलं. जैलानीचा चौथरा रिकामा.

लाकडी जिन्यावर बूट वाजले. दारात चंदेरी शिपाई, धापा टाकत. एक बाई भिंतीलाच चिकटली.

"तू… हललास?" रोहाया म्हणाली.

"हललो. जागा गेली. उद्या त्यांना नको बोलावू. मी येतो, मगरीचा पाव घेऊन."

मगर जन्मभर एकाच जोडीदाराची, म्हणून जकार्ताच्या मूळच्या बेतावी लोकांत नवरदेव मगरीच्या आकाराचा पाव मुलीच्या दारी नेतो.

आईच आधी बोलली. "मेल्या, तोंड तरी धुऊन ये. जावई होतोयस की चांदीचं भांडं?"

"आणि पाव मोठा आण," रोहाया म्हणाली. "आमच्याकडं खाणारी तोंडं फार आहेत."