उकंडरावांचं फुकट तिकीट

ही घटना खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी वारंगा फाट्यावरून दुपारची हिंगोली गाडी धरावी आणि डावीकडच्या तिसऱ्या खिडकीत बसून दाखवावं. बसून दाखवलं, तर आपण पुढं बोलू.

त्या दिवशी अमावस्या नव्हती. पौर्णिमाही नव्हती. सोमवार होता, मार्गशीर्षाची थंडी होती, दुपारचे चार वाजले होते आणि फाट्यावर कुणीतरी भजी तळत होतं. भुताला यायला अडचण होईल अशी सगळी व्यवस्था होती.

तरी आलं.

पण त्याच्या दोन आठवडे आधीपासून सांगायला पाहिजे.

माणिकराव फाट्याजवळच्या एका खेड्यातले. वय त्रेसष्ट. त्यांची बायको शालूबाई हिंगोलीला दवाखान्यात. मूत्रपिंडं थकलेली, सोमवारी आणि गुरुवारी मशीनवर रक्त धुवायचं. मधल्या दिवसांत ती पुतणीकडं, संगिताकडं राहायची. माणिकराव घरची म्हैस सांभाळून दर सोमवार-गुरुवारी भाकरीचं गाठोडं घेऊन जायचे आणि रात्री परत यायचे.

गाडीत शालूबाई बसली तर बाई म्हणून तिला अर्धं तिकीट. पासष्टच्या पुढच्याला अर्धं तिकीट. पंच्याहत्तरच्या पुढं तर फुकट. माणिकराव बाई नव्हते आणि म्हातारेही पुरेसे नव्हते. सरकारच्या लेखी ते भर जवानीत होते. पूर्ण तिकीट.

"काका, एवढं येणं-जाणं परवडतं का?" फाट्यावरच्या पानटपरीवाल्या विश्वंभरनं एकदा विचारलं.

"न परवडून सांगतो कुणाला?"

"थोरल्या काकांचं आधार कार्ड हाय का घरात?"

थोरले काका म्हणजे उकंडराव, माणिकरावांचे सख्खे भाऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गेल्या भादव्यात ह्याच फाट्यावर, ह्याच हिंगोली गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. गाडी आली. ड्रायव्हरला वाटलं, डुलकी लागली असेल. गाडी गेली.

डुलकी नव्हती.

हिंगोलीला त्यांची लेक, हीच संगिता, जेवायला वाट बघत होती.

"कार्ड हाय की. पेटीत."

"मग? तुमी दोघं एका साच्यातले. अन् आधारवरचा फोटो तसाबी कुणाचाच कुणासारखा येत न्हाई. माझ्या कार्डावर मी पाण्यातून काढल्यावानी दिसून राहिलो."

माणिकरावांनी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या सकाळी कार्ड बंडीच्या खिशात घातलं.

कंडक्टर नवीन होती. प्रियदर्शनी नाव, सव्वीस-सत्तावीसची पोरगी. तिनं कार्ड बघितलं, माणिकरावांकडं बघितलं, आणि मोठ्यानं वाचलं.

"उकंडराव?"



"व्हय," माणिकराव म्हणाले.

मशीन किर्रकिर्र वाजलं. शून्य रुपयाचं तिकीट हातात आलं.

आयुष्यात पहिल्यांदा सरकारकडून काहीतरी मिळालं, ह्या आनंदात माणिकराव कळमनुरीपर्यंत झोपले.

दुसऱ्या खेपेला गाडी फाट्यावर आली ती खच्चून भरलेली. खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरायची आपली रीत. एकदा सीटवर रुमाल पडला की तो कोर्टाचा हुकूम. त्यावर कुणी बसत नाही.

माणिकरावांनी खालून हात घातला...

तिसऱ्या खिडकीत रुमाल आधीच पडलेला होता.

ते वर चढले. लोक उभे होते, एकमेकांच्या पायांवर उभे होते. ती दोन माणसांची सीट मात्र रिकामी.

"कुणी हाय का हितं?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच हाय ना बाबा?" शेजारी उभी असलेली बाई म्हणाली. "तुमच्या संगतीच्यांनी टाकला की."

"कोण संगतीचे?"

बाईनं मागं बघितलं. पुढं बघितलं. "आत्ता तर होते..."

माणिकराव कडेला बसले. खिडकीकडची अर्धी सीट तशीच राहिली. तिथं कुणी बसलं नाही आणि माणिकरावांनीही कुणाला बसा म्हटलं नाही.

बाळापूरला काच आपोआप खाली सरकली.

उकंडरावांना काच बंद खपत नसे.

असं दोन-तीन खेपा चाललं. माणिकरावांनी रुमालाकडं नीट बघितलं नाही. फुकट तिकीट मिळत असताना माणूस फार खोलात जात नाही.

आता तो सोमवार.

गाडी आली. तिसरी खिडकी. रुमाल. माणिकराव गाठोडं मांडीवर घेऊन बसले. थंडी होती म्हणून त्यांनी काच वर ओढली. बाजूच्या सीटवर उन्हाचा पट्टा पडला आणि त्या पट्ट्यात त्यांना रुमाल पहिल्यांदा नीट दिसला.

पांढरा. लाल काठाचा. कोपऱ्यात बिडीनं पडलेलं भोक.

हा रुमाल त्यांनी ओळखला. भादव्यात उकंडरावांच्या तोंडावर त्यांनीच पांघरला होता. भावाला मुलगा नव्हता, म्हणून अग्नीही त्यांनीच दिला होता.

रुमाल त्यांच्यासमोर जळाला होता...

"बाबा, तिकीट."

प्रियदर्शनी उभी होती. माणिकरावांनी बंडीत हात घातला. एक खिसा. दुसरा खिसा. कार्ड नव्हतं.

"अगं, असंल... हितंच होतं..."

"काय होतं?"

"कार्ड. माझं. उकंडराव."

प्रियदर्शनी हसली नाही. तिनं त्यांच्या खांद्यावरून खिडकीकडं मान केली.

"उकंडराव तर हे. ह्यांनी आत्ता कार्ड दाखवून तिकीट घेतलं." मग माणिकरावांकडं वळली. "तुमी कोण?"

माणिकरावांनी मान वळवली नाही. वळवताच येईना.

बाजूनं गार वारा लागत होता.

काच तर त्यांनी आत्ताच लावली होती.

"पूर्ण तिकीट दे बाई," ते म्हणाले. "माणिकराव."

कळमनुरी गेली. कुणी उतरलं, कुणी चढलं. माणिकरावांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दादाची हिंगोलीची खेप राहिली होती. त्याच्या नावाला मी व्हय म्हणलो आणि दर खेपेला त्याला गाडीत बसवून घेऊन चाललो.

हिंगोलीत कुठं? संगिताकडं?

संगिता सोमवारी घरी नसते. ती काकूला घेऊन दवाखान्यात असते.

हिंगोली यायच्या आधी, अंधार पडता पडता, त्यांनी हिंमत करून बाजूला बघितलं.

सीट रिकामी.

रुमालही नव्हता.

कळमनुरी सोडल्यापासून गाडी मधे कुठंच थांबली नव्हती.

स्टँडवर रिक्षावाले हाका मारत होते. माणिकराव त्रेसष्टाव्या वर्षी गाठोडं छातीशी धरून दवाखान्यापर्यंत पळाले. वॉर्डाच्या दारात संगिता चहाचा कप घेऊन उभी होती.

"काका, काहून पळून राहिले? काकू बराबर हाय."

शालूबाई कॉटवर उठून बसली होती.

डोक्यावरून पदर. कपाळापर्यंत खाली ओढलेला.

माणिकरावांचे पाय जागीच थांबले. डॉक्टर आला तरी शालूबाई पदर घेत नसे. चाळीस वर्षांत तिनं असा पदर एकाच माणसासमोर घेतला होता.

"पदर काहून घेतला?" त्यांनी विचारलं.

"थोरले बसले होते न्हवं आत्ता."

"कुठं?"

तिनं स्टुलाकडं बोट केलं. स्टुलावर काही नव्हतं.

"काय म्हणले?"

"चल म्हणले. गाडीत जागा धरलीया. पैसा लागत न्हाई."

"अन् तू?"

"मी म्हणलं, हे आल्याबिगर कशी येऊ? अन् फुकट तुमाला, भाऊजी. मला अर्धं तिकीट पडतं." शालूबाईनं पदर मागं सारला. "लई वेळ बसले. मग तुमच्या पळण्याचा आवाज आला अन् उठले."

संगितानं कप खाली ठेवला. तिला कुणीच दिसलं नव्हतं. कपाळाला गार वारा तेवढा लागला होता.

माणिकरावांचं लक्ष कॉटच्या पायथ्याकडं गेलं.

चादरीवर, शालूबाईच्या पायाशी, रुमाल पडला होता...

जागा धरलेली होती.

वॉर्डात कुणाचं तरी मशीन टिक टिक करत होतं. माणिकराव पुढं झाले. त्यांनी रुमाल उचलला आणि आपल्या खांद्यावर टाकला.

"दादा," ते हळूच म्हणाले, "तुझ्या नावाला व्हय मी म्हणलो. तिनं न्हाई."



"काढा ते," शालूबाई म्हणाली. "जळका वास येऊन राहिला."

रात्री परतीच्या गाडीत चढताना खांदा हलका लागला. त्यांनी चाचपून बघितलं. रुमाल नव्हता.

तो तिसऱ्या खिडकीत, सीटवर पडला होता.

ह्याला आता वर्ष होत आलं. शालूबाई बरी आहे, म्हणजे सोमवार-गुरुवार चालू आहेत. कार्ड पुन्हा कधी सापडलं नाही. माणिकराव गुपचूप पूर्ण तिकीट काढतात. पुढच्या वर्षी त्यांना अर्धं तिकीट लागू होईल, पण तेही मागायचं नाही असं त्यांनी ठरवलंय.

आणि गाडी कितीही रिकामी असली तरी ते बसत नाहीत. फाटा ते हिंगोली, उभ्यानं.

परवाच्या गुरुवारी गाडीत आठ-दहाच माणसं होती. प्रियदर्शनी तिकीट देऊन गेली, थांबली, परत आली.

"बाबा, पूर्ण तिकीट काढता अन् उभे काहून राहता?" ती म्हणाली. "त्यांच्यापाशी बसा की. ते बघा, कवाचे तुमच्यासाठी सरकून बसलेत..."

माणिकरावांनी वरचा दांडा आणखी घट्ट धरला.

काच खाली होती. ते समोरच बघत राहिले.